फोटोची साखळी

त्या बुधवारी त्या खोलीत आम्ही चौघी होतो. एक मी, आखातातल्या इब्रा गावात एका घरी स्वयंपाक करणारी, रत्नागिरीकडची विधवा बाई, तेव्हा पंचावन्नच्या आसपास होते. दुसरी ती, त्याच घरात साफसफाई करणारी नि पोरं सांभाळणारी, आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या एका समुद्राकाठच्या देशातली, अठ्ठावीस वर्षांची. तिसरी टेलरची बायको, आमच्याच जिल्ह्यातली, खाडीपलीकडच्या मुसलमान वाडीतली, तिला सगळे भाभी म्हणायचे. चौथी केरळची नर्स, तिला आम्ही सिस्टर म्हणायचो. पाचवं कोणी नव्हतं. टेलर पुढे दुकानात मशीन चालवत होता, त्याला भाभीने आत यायला बंदी घातली होती.

नावं लिहीत नाय. तिने नको सांगितलंय. तिचं नको तर मग कुणाचंच नको. मी चौथी शिकलेली आहे, लिहायला वेळ लागतो, पण जे झालं ते माझ्या हातून झालं, म्हणून मीच लिहिते.

आमच्या घरात दोन बायका कामाला, ती नि मी. मालकिणीला तिकडे मामा म्हणायचं नि मालकाला अर्बाब. पहिले काही महिने मामा म्हणताना मला हसू यायचं, माझा सख्खा मामा डोळ्यासमोर यायचा, मिशीवाला. स्वयंपाकघराच्या मागे आमची एक खोली होती, दोन खाटा, एक एसी. ती पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं, हिच्याशी बोलायचं कसं. पण बोलता येतं. मला थोडं अरबी, थोडं हिंदी, तिला इंग्रजी नि थोडं अरबी. वर्षभरात आमची आमची एक भाषा झाली, ती तिसऱ्या कुणाला कळायची नाय. भाभी मला मावशी म्हणायची, ते ऐकून तीही म्हणायला लागली, पण तिच्या तोंडात ते मौशी व्हायचं. मी तिला बाय म्हणायचे. तिने विचारलं, बाय म्हणजे काय? मी म्हटलं, आमच्याकडे लेकीला म्हणतात. त्या दिवशी तिने माझी सगळी भांडी घासून टाकली.

तिची मुलगी तिकडे तिच्या आईकडे होती. सोडून आली तेव्हा दोन वर्षांची, आता चार-साडेचारची. दोन वर्षांचा करार होता तो संपला होता. पण परत जायला अर्बाबची सही लागते, नि अर्बाब सही करत नव्हता. नाय म्हणायचा नाय, ते एक बरं. रमजान होऊ दे, ईद होऊ दे, धाकट्या बहिणीचं लग्न होऊ दे, मग इन्शाल्ला. त्याचं बोलणं गोड होतं. मधल्या काळात तिच्या आईचे डोळे गेले. आधी आजी नातीला हात धरून न्यायची, आता ती चार वर्षांची पोर आजीला हात धरून नळावर नेते, असं तिची बहीण फोनवर सांगायची. रस्ता मध्ये मोठा आहे, ट्रकांचा. 

आता हातांचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे.

त्या वर्षी तिच्या देशाच्या आसपासच्या देशांत एक वाईट ताप आला होता. टीव्हीवर दिवसभर तेच. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेली माणसं आजाऱ्यांना उचलून नेताहेत, खड्डे खणताहेत. आमची मामा ते बघत बसायची नि मग हिच्याकडे बघायची. हिच्या देशात तो ताप नव्हता. हिने पोरांच्या शाळेच्या पुस्तकातला नकाशा आणून दाखवला, हा बघ मामा, तापाचा देश, हा माझा, मध्ये एक अख्खा देश आहे. मामा म्हणाली, टीव्हीवाले आफ्रिका म्हणतात. विषय संपला, खलास.

मामा वाईट नव्हती. मला गुडघ्याचं मलम स्वतः आणून द्यायची. पण दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी एक बादली आली, क्लोरीनच्या पाण्याची. हिने पोराला उचलायच्या आधी हात बुडवायचे, ताटाला हात लावायच्या आधी बुडवायचे, बाहेरून आली की बुडवायचे. दिवसातून किती वेळा ते कोण मोजणार. महिनाभरात हातांची साल निघाली. मग बोटांच्या सांध्यांत भेगा पडल्या, मासळी धुताना मीठ लागलं की ती दात आवळायची. मी माझ्या डोक्याचं खोबरेल तिच्या हातांना लावायचे. सकाळी परत बादली. टीव्हीवरचा ताप गेला, बातम्यांतून त्याचं नाव गेलं, बादली तिथेच राहिली. मामाला कुणी सांगितलंच नाय की आता काढ.

अशात एक दिवस ती नाचतच स्वयंपाकघरात आली. कानात फोनची वायर. तिच्या देशाचा रेडिओ ती फोनवर ऐकायची. म्हणाली, मौशी, आमच्या सरकारने पैसे काढलेत. आखाती देशांत अडकलेल्या बायकांना सरकारी खर्चाने घरी आणणार. त्यांच्या सरकारी ऑफिसातून अर्बाबला पत्र येणार, फोन येणार, मग तो सही करणारच. घरी गेल्यावर शिवणकाम शिकवणार, मशीन देणार.

मी कांदा चिरत होते. मी म्हटलं, "बाय, सरकार म्हटलं की मी आधी जेवून घेते नि मग ऐकते."

"नाय मौशी, खरं आहे. टीव्हीवर पण सांगितलं."

"आमच्या गावात नळाचं पाणी पेपरात आलं. सून अजून विहिरीवर जाते."

ती हसली. पण तिला ते धरून ठेवायला पाहिजे होतं नि मलाही वाटलं, असू दे, कुणाचं तरी सरकार खरं बोलत असेल. तिने मला सगळं समजावलं, मी कोळंबी सोलताना. तिकडे यावरून भांडण चाललं होतं. एक बाजू म्हणायची आपल्या लेकी आहेत, आणा. दुसरी बाजू म्हणायची, आपल्या मर्जीने गेल्या, चार पैसे मिळवायला गेल्या, त्यांना जनतेच्या पैशातून विमान कशाला, त्यात शाळेचं छप्पर होईल. मला तर दोन्ही बाजू आपल्याकडच्या वाटल्या.

पैसे सगळ्यांना पुरणार नव्हते. म्हणून यादी होणार होती. ज्यांची हालत जास्त वाईट त्यांचं नाव आधी. नि ती यादी कशी होणार, तर त्यांच्या देशातल्या टीव्हीवरची एक बाई होती, रोज संध्याकाळी कार्यक्रम करायची, लोकांचे प्रश्न मांडायची, तिची ऑफिसात ओळख होती. हिच्या बहिणीने तिला गाठलं. त्या टीव्हीवालीने हिला फोन केला. हिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला, मला ऐकवायला. मला शब्द कळले नाय पण आवाज कळला, मधासारखा. सारखी माझी बहीण, माझी बहीण म्हणत होती, तेवढं इंग्रजी मला येतं. तिने सांगितलं, दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठव, तू कशी आहेस, काय झालं ते बोल. टीव्हीवर नाय दाखवणार, घाबरू नको. मी फक्त ऑफिसात दाखवते नि तुझं नाव घालते.

आता इब्रात बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषाला आत पाऊल नाय. कापड, अत्तर, मेंदी, लहान पोरांचे कपडे, सगळं. मामा आम्हाला दोघींना पिशव्या धरायला न्यायची, नि तिच्या मैत्रिणी भेटल्या की तास-दीड तास आम्ही मोकळ्या. त्या वेळात आम्ही भाभीकडे जायचो. मामाचे कपडे तिच्या नवऱ्याकडे शिवायला असत, त्यामुळे कुणी विचारायचं नाय. सिस्टरची बुधवारी दुपारपाळी असायची, म्हणून तीपण यायची. भाभीची खोली दुकानामागे, एक सोफा, भिंतीवर काबाची तसबीर, समोसे नेहमी तळलेले.

नि त्या खोलीत फोटोंची एक पद्धत होती. ही पद्धत आमच्यासारख्या बायका तिथे आल्यापासून चालत आलेली. घरी फोटो पाठवायचा असला की कामाच्या कपड्यांत नाय काढायचा. भाभीकडे यायचं, तोंड धुवायचं, भाभीची चांगली ओढणी घ्यायची, सोफ्यावर बसायचं. नि गळ्यात माझी साखळी घालायची. माझी एक सोन्याची साखळी होती, तिकडे गेल्यावर दुसऱ्या वर्षी केलेली. ती आंध्रच्या बाईने घातली, श्रीलंकेच्या दोघींनी घातली, भाभीच्या नणंदेने घातली. भाभी तिला फोटोची साखळी म्हणायची. घरच्यांना काळजी नको, गावात कुणी हसायला नको, एवढाच त्यात हेतू. आईने बघावं नि शेजारणीला दाखवावं, बघ माझी लेक. मीपण माझ्या मुलाला असेच फोटो पाठवत होते, सात वर्षं.

तर ती आली, कामाच्याच कपड्यांत, केस बांधलेले, हात उघडे. सोफ्यावर बसायला तयार नाय, खाली चटईवर बसली. म्हणाली, असंच काढा. मी हात दाखवते नि बोलते.

भाभी म्हणाली, "अगो, असं कसं? तुझी अम्मी बघेल ना."

"अम्मीला दिसत नाय," ती म्हणाली.  मग म्हणाली, "हे ऑफिसला जाणार आहे."

मी म्हटलं, "ऑफिसात माणसंच बसतात ना? भिकारणीसारखी दिसलीस तर कोण दारात उभी करील? नीट बसलीस, नीट बोललीस तर म्हणतील, चांगल्या घरची बाई आहे, हिचं काम करायला पाहिजे."

सिस्टर म्हणाली, "मावशी, हाथ दिखाने दो. हालत दिखानी है ना?"

मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही शिकलेल्या. ऑफिसात तुम्ही खुर्चीवर बसता. मी खुर्चीसमोर उभी राहिलेय आयुष्यभर. मला विचारा तिथे काय चालतं."

"पण त्यांनी सांगितलंय वाईट हालतवाली आधी," सिस्टर म्हणाली.

"वाईट हालत तोंडाने सांगायची. हात काय दाखवायचे? उद्या गावात हिच्या लेकीला चिडवतील, तुझी आई महारोगी."

हे मी बोलले. हेच शब्द. ती माझ्याकडे बघत राहिली. मी मोठी होते तिच्यापेक्षा, आईच्या जागी. आमच्यात नि त्यांच्यातही मोठ्या बाईचं ऐकतात, ही एक गोष्ट सारखी होती. ती उठून सोफ्यावर बसली.

मग भाभीने तिला हिरवी ओढणी दिली. मी माझी साखळी काढून तिच्या गळ्यात घातली. राहिले हात. ओढणीखाली लपेनात, ती बोलताना हात हलवायची, सवयच होती. भाभीकडे मेंदीचा कोन होता, ईदसाठी आणलेला. मीच म्हटलं, मेंदी काढ गो, भेगा झाकतील. सिस्टर परत म्हणाली, जखमेवर मेंदी नका लावू. भाभी माझ्याकडे बघायला लागली, मी मान हलवली. भाभीने सुरेख काढली, बोटांपर्यंत वेल, तिकडच्या पद्धतीची. झोंबली असणार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं पण तिने हात मागे घेतला नाय. सुकेपर्यंत आम्ही समोसे खाल्ले, तिला मी भरवला. भाभी म्हणाली, "नवरी दिसते हो. आता नवरा शोधा." नि सगळ्या हसलो. तीपण हसली.

सिस्टरने तिच्या फोनवर व्हिडिओ काढला. बाय तिच्या भाषेत बोलली, मध्येमध्ये इंग्रजी. आधी हसून बोलली, मग हळू, मग एकदम थांबली, मग हात जोडले. दोन मिनिटांच्या वर गेलं. आम्हाला वाटलं छान झालं, तिथूनच टीव्हीवालीला पाठवला. मी साखळी परत घेतली, गळ्यात घातली, नि आम्ही दोघी पिशव्या उचलून बाजारात मामाकडे गेलो.

मेंदी बघून मामाने विचारलं, लग्न कुणाचं? मी म्हटलं, कुणाचं नाय.

दोन बुधवार गेले. तिसऱ्या बुधवारी सिस्टर बाजारातच भेटली, अत्तरवालीच्या शेजारी उभी, तोंड उतरलेलं. बायच्या बहिणीने रात्री बायला काहीतरी पाठवलं होतं, बायने ते सिस्टरला पाठवलं होतं, मला सांगितलंच नव्हतं. सकाळपासून ती माझ्याशी नीट बोलत नव्हती, मला वाटलं डोकं दुखतंय.

व्हिडिओ टीव्हीवर आला होता. तिचा चेहरा, ओढणी, साखळी, मेंदी, सगळं. पण फक्त सुरुवात. सिस्टरने बायला विचारून घेतलं होतं सुरुवातीला ती काय बोलली होती, ते मला सांगितलं. त्यांच्याकडे रीत आहे, बोलणं सुरू करताना आधी घरच्या सगळ्यांची विचारपूस करायची, नि मी बरी आहे, देवाची कृपा आहे म्हणायचं. मेलेल्या माणसाच्या घरी गेलं तरी आधी हे म्हणायचं. तेवढंच ठेवलं होतं. बाय हसतेय नि म्हणतेय, मी बरी आहे, देवाची कृपा आहे. मग कापलं. अर्बाब, सही, मुलगी, आंधळी आई, रस्त्यावरचे ट्रक, सगळं कापलं.

नि पुढे तीच मधाच्या आवाजाची बाई, दोन पुरुषांबरोबर टेबलाशी बसलेली. तिने विचारलं, ही बाई अडकलेली दिसते का तुम्हाला? पुरुष हसले. एक म्हणाला, माझ्या बायकोकडे अशी साखळी नाय. दुसरा म्हणाला, जनतेच्या पैशातून हिला मेंदी पुसायला आणायचं का. त्या बाईने मान हलवली. माझी बहीण एकदाही म्हणाली नाय. खाली लोकांनी लिहिलं होतं ते सिस्टर वाचत होती, मी म्हटलं, नको वाचू. तरी दोन-तीन वाचले तिने, ते मी इथे लिहीत नाय.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते. माझा हात माझ्या गळ्याकडे गेला. भर बाजारात मी साखळी पदराखाली ढकलली, चोरासारखी.

बाय दुसऱ्या बाजूला उभी होती, मामाच्या पिशव्या घेऊन. मी जवळ गेले. म्हटलं, "बाय, मला काय माहीत..." ती म्हणाली, "मामा बोलावते. यल्ला, चल."

ऑफिसात फोन केला. सिस्टरच बोलली इंग्रजीत, आम्ही बाजूला. तिथली बाई म्हणाली, आधी ज्यांची हालत खरोखर वाईट आहे त्यांचं करतोय. मग सिस्टरने सांगितलं, हात बघा तिचे. त्याच संध्याकाळी मामाच्या अंगणात उजेड होता तोवर मी स्वतः बायच्या हातांचा व्हिडिओ काढला. मेंदी तोवर उतरली होती. भेगा होत्या, रक्त होतं, नखं पिवळी पडलेली. उलटे हात, सुलटे हात.  पाठवला.

चार दिवसांनी उत्तर आलं. हे हात त्याच बाईचे कशावरून? त्या बाईच्या हातांवर मेंदी होती. बऱ्याच बायका खोटे व्हिडिओ पाठवतात, टीव्हीवर तसं आलंय.

सिस्टरने हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी ताटात भात वाढत होते. वाढून घेतला, बसले, जेवले. उपाशी राहून कुणाचं काय होणार होतं.

पुढे त्यांच्या देशात आणखी ओरड झाली. इतकी ओरड की सरकारने त्या पैशाचं काम थांबवलं, चौकशी करतो म्हणाले. जेवढ्या बायका गेल्या तेवढ्या गेल्या. आधी टीव्हीवर सांगितलं होतं, आपल्या लेकी. आता टीव्हीवर सांगत होते, बघा, खोटारड्या. रेडिओ तोच, टीव्ही तोच. तिने कानातली वायर काढून कपाटात ठेवली.

वर्ष गेलं असेल. एका शुक्रवारी तिचा फोन वाजला. तीच टीव्हीवाली. माझी बहीण, माझी बहीण. आता तिकडे वारं फिरलं होतं, कुठल्यातरी आखाती देशात त्यांच्याकडची एक कामवाली छतावरून पडून मेली, नि लोक म्हणत होते, सरकारने लेकींना वाऱ्यावर सोडलं. आता तिला नवा व्हिडिओ पाहिजे होता. बायने मला नंतर सांगितलं ती काय म्हणाली. म्हणाली, या वेळी सोनं नको, ओढणी नको. जुने कपडे घाल. रडलीस तर बरं. हात दाखव, ते हातांचं मला कुणीतरी सांगितलंय.

बाय खाटेवर बसली होती. शांतपणे ऐकलं. मग काहीतरी बोलली नि फोन ठेवला.

मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"म्हणाले, मी बरी आहे, देवाची कृपा आहे."

मी म्हटलं, "अगो बाय, पाठवायचा होता. हात आहेत अजून तसेच. कदाचित..."

"कदाचित काय, मौशी?"

 तीपण बरोबर होती. पण तिच्या मुलीचं काय, ते मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाय. त्या बाईने बोलावल्यावर जायचं की नाय, हे ठरवायला माणसाकडे काहीतरी शिल्लक लागतं. तिच्याकडे तेवढंच होतं, नाय म्हणणं.

त्याच दिवसांत मी माझ्या मुलाला फोन केला. म्हटलं, माझे गुडघे गेले, मला परत यायचंय. तो म्हणाला, आई, गेल्या महिन्याचा फोटो बघितला की, तब्येत मस्त झालीय तुझी. एक-दोन वर्षं काढ अजून, इकडे येऊन काय करणार? सून मागून म्हणाली, आमच्यापेक्षा तुम्हीच चांगल्या दिसता. ती टोमणा मारत नव्हती. त्यांना दिसलं ते ती बोलली. मी फोन ठेवला नि भाभीच्या सोफ्यावर बसून काढलेले माझे सगळे फोटो आठवले. आठ वर्षं मी माझ्या हाताने हे करत होते नि मला कळलं नाय. ते कळलं असतं तर बायला मी चटईवर बसू दिलं असतं.

मी आणखी दोन वर्षं काढली.

बायला अर्बाबने इब्रीला पाठवलं, ते इब्रापासून लांबचं दुसरं गाव, त्याच्या बहिणीच्या घरी, तिथे बाळंतीण होती. धाकटीचं लग्न झालं होतं, ईद कितीतरी होऊन गेल्या होत्या. सही नंतर, इन्शाल्ला. गाडी दारात उभी होती. तिची एक बॅग, एक पिशवी. मी साखळी काढून तिच्या मुठीत द्यायला गेले. म्हटलं, वीक, कुणाला तरी दे, सही करून घे, काय वाटेल ते कर. तिने माझी मूठ मिटवली. तिचे हात तेव्हा बरे होते, मामाने शेवटी बादली उचलली होती, कुणीही न सांगता, एक दिवस तिथे चपलांचा रॅक ठेवायचा होता म्हणून.

ती म्हणाली, "मौशी, हात दाखवायला पाहिजे होते."

मी म्हटलं, "हो."

एवढंच बोललो. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. इब्रीहून पहिले काही महिने तिचे फोन आले. लेक शाळेत जायला लागली असं एकदा सांगितलं, आजीला शेजारीण नळावर नेते असंही. याच फोनवर तिने सांगितलं, कुठे काही बोललीस तर माझं नाव नको. मग तिचा नंबर बंद झाला. घरी पोचली की अजून तिथेच आहे, मला माहीत नाय. भाभीने इब्रीच्या ओळखीच्या टेलरकडे चौकशी केली, त्यालाही कळलं नाय.

मी गावी येऊन आता काही वर्षं झाली. साखळी पेटीत आहे, घालत नाय. सुनेने विचारलं का घालत नाय, म्हटलं मान दुखते.

मधे सिस्टरचा फोन आला. ती दुसऱ्या देशात आहे आता. म्हणाली, मावशी, तो व्हिडिओ परत माझ्या फोनवर आला. कुठूनतरी फिरत फिरत, वेगळ्याच भाषेत खाली काहीतरी लिहून, फुकट पैसे खाणाऱ्या बायका असं काहीतरी. तीच हिरवी ओढणी, हसते नि म्हणते बरी आहे. अजून फिरतोय.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या फोनवर कधी तो आला, हिरव्या ओढणीतली काळी मुलगी, हातावर मेंदी, गळ्यात साखळी, तर पुढे पाठवू नका. पुसून टाका. नि ज्याने तुम्हाला पाठवला त्याला एवढं सांगा की साखळी तिची नाय, माझी आहे, नि मेंदीखाली भेगा होत्या.